अमेरिकेच्या अध्यक्षीय राजकारणातील संयुक्त उमेदवारी : १८६४ चा प्रयोग आणि त्याची किंमत

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एक जुनी कल्पना पुनःपुन्हा चर्चेत येते. रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांतील मध्यममार्गी नेत्यांनी एकत्र यावे, एका पक्षाच्या नेत्याने अध्यक्षपदासाठी व दुसऱ्या पक्षाच्या नेत्याने उपाध्यक्षपदासाठी उभे राहावे आणि पक्षीय वैराने दुभंगलेले राष्ट्र या जोडीने सांधावे, अशी ही कल्पना होय. अमेरिकन राजकीय परिभाषेत तिला 'युनिटी तिकीट' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'संयुक्त उमेदवारी' हा शब्द योजिला आहे.

या विषयावरील चर्चेत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे अशी जोडी निवडून येऊ शकेल काय? इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपुरा वाटतो. अशी जोडी एकदा निवडून आलेली आहे. १८६४ साली अब्राहम लिंकन या रिपब्लिकन अध्यक्षाबरोबर अँड्र्यू जॉन्सन हे डेमोक्रॅट नेते उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि प्रचंड बहुमताने विजयी झाले. म्हणून विजयानंतर काय घडते, आणि ज्या ऐक्याच्या नावाने मते मागितली गेली ते ऐक्य नेमके कोणाकोणात झाले होते, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. त्यांचा शोध घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पदवी वर्गात अमेरिकेचा इतिहास शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात की, दोन पक्षांनी मिळून सरकार बनविण्यात एवढे अवघड काय आहे? आपल्याकडे आघाड्यांची सरकारे त्यांनी पाहिलेली असतात. उत्तर पद्धतीच्या फरकात आहे. संसदीय पद्धतीत आघाडी निवडणुकीनंतरही होऊ शकते, जागांच्या हिशेबाने खाती वाटली जातात आणि मतभेद झाल्यास पाठिंबा काढून घेता येतो. अध्यक्षीय पद्धतीत कार्यकारी सत्ता एका व्यक्तीच्या हाती असते. आघाडी करावयाची तर ती मतदानापूर्वीच दोन व्यक्तींच्या नावांत करावी लागते, आणि त्या दोघांपैकी दुसऱ्याच्या वाट्याला सत्तेचा अंश जवळजवळ येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो केवळ वारसाहक्क. हा वारसाहक्कच पुढे निर्णायक ठरला.

राज्यघटनेची चौकट

१७८७ च्या राज्यघटनेने उपाध्यक्षपदासाठी स्वतंत्र मतदान ठेवलेच नव्हते. प्रत्येक निर्वाचकाने दोन नावांना मते द्यावयाची, सर्वाधिक मते मिळविणारा अध्यक्ष आणि त्याच्या खालोखालचा उपाध्यक्ष, अशी मूळ तरतूद होती. राज्यकर्ते पक्षांत विभागले जातील हे घटनाकारांनी गृहीत धरले नव्हते. १७९६ साली त्याचा परिणाम दिसला. फेडरलिस्ट पक्षाच्या जॉन अॅडम्स यांना ७१ व त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन यांना ६८ निर्वाचक मते मिळाली, आणि परस्परविरोधी पक्षांचे दोन नेते अध्यक्ष व उपाध्यक्ष झाले. कोणीही न मागितलेली ही पहिली संयुक्त जोडी होती. ती कशी चालली, हे १७९८ साली कळून आले. अॅडम्स यांच्या सरकारने परकीय नागरिक व राजद्रोह यांविषयीचे कायदे केले, तेव्हा त्यांच्या विरोधातील केंटकी विधिमंडळाच्या ठरावांचा मसुदा उपाध्यक्ष जेफरसन यांनीच गुप्तपणे लिहून दिला.

१८०० च्या निवडणुकीत याच तरतुदीने वेगळे संकट आणले. एकाच पक्षाचे जेफरसन व अॅरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि ३६ वेळा मतदान झाल्यावर, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी जेफरसन निवडले गेले. १८०४ साली बारावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मते देण्याची पद्धत सुरू झाली. या दुरुस्तीने अपघाती संयुक्त जोडीची शक्यता जवळजवळ संपविली, तथापि जाणूनबुजून केलेल्या जोडीचा मार्ग त्याच दुरुस्तीने मोकळा केला. पक्षाने दोन नावे एकत्र जाहीर करावयाची, आणि त्यातील दुसरे नाव मते वाढविण्यासाठी निवडावयाचे, ही प्रथा येथून रूढ झाली.

१८४० साली व्हिग पक्षाने या प्रथेचा पहिला मोठा धडा घेतला. विल्यम हेन्री हॅरिसन यांच्याबरोबर त्यांनी व्हर्जिनियाचे जॉन टायलर यांना उभे केले. टायलर हे मूळचे डेमोक्रॅट, अँड्र्यू जॅक्सन यांच्याशी न पटल्याने बाहेर पडलेले. ४ मार्च १८४१ रोजी सूत्रे स्वीकारलेले हॅरिसन ४ एप्रिलला निधन पावले. टायलर अध्यक्ष झाले, व्हिग पक्षाच्या जिव्हाळ्याचे राष्ट्रीय बँकेचे विधेयक त्यांनी दोनदा नकाराधिकार वापरून फेटाळले, डॅनिएल वेबस्टर यांचा अपवाद वगळता मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि पक्षाने आपल्याच अध्यक्षाला पक्षातून काढून टाकले. हा प्रसंग १८६४ च्या नेत्यांना अज्ञात नव्हता. अवघ्या तेवीस वर्षांपूर्वीची ही घटना होती.

बाल्टिमोर, जून १८६४

१८६४ चा उन्हाळा उत्तरेच्या दृष्टीने अत्यंत कठीण होता. यादवी युद्ध चौथ्या वर्षात गेले होते आणि ग्रँट यांच्या व्हर्जिनियातील मोहिमेत माणसे मोठ्या संख्येने मरत होती. लिंकन यांच्या पक्षातील जहाल गट त्यांच्यावर नाराज होता. त्याने ३१ मे रोजी क्लीव्हलँड येथे जॉन फ्रेमाँट यांची वेगळी उमेदवारीही जाहीर केली होती. याउलट डेमोक्रॅटिक पक्षात उभी फूट पडली होती. युद्धाला पाठिंबा देणारे 'वॉर डेमोक्रॅट' एकीकडे व तातडीने तह मागणारे दुसरीकडे, अशी ती फूट होती. राज्यपातळीवर या फुटीचा उपयोग आधीच करून पाहण्यात आला होता. ओहायो राज्यात १८६३ च्या ऑक्टोबरमध्ये युनियन पक्षाच्या नावाने जॉन ब्रो या युद्धसमर्थक डेमोक्रॅटाला गव्हर्नरपदासाठी उभे करण्यात आले आणि तहवादी क्लेमंट व्हॅलँडिगहॅम यांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव झाला.

हाच प्रयोग राष्ट्रीय पातळीवर करण्यासाठी रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन ७ व ८ जून १८६४ रोजी बाल्टिमोर येथे 'नॅशनल युनियन' या नावाने भरले. पक्षाचे नाव बदलल्याने डेमोक्रॅट मतदाराला रिपब्लिकन पक्षाला मत दिल्याचे शल्य उरणार नव्हते. लिंकन यांच्या नावाविषयी वाद नव्हता. प्रश्न उपाध्यक्षपदाचा होता. त्या पदावरील मेन राज्याचे हॅनिबल हॅम्लिन हे निष्ठावंत रिपब्लिकन होते, आणि त्यांचे राज्य तसेही पक्षाकडे येणारच होते. पहिल्या फेरीत जॉन्सन यांना २००, हॅम्लिन यांना १५० आणि न्यूयॉर्कचे युद्धसमर्थक डेमोक्रॅट डॅनिएल डिकिन्सन यांना १०८ मते पडली. लगेच प्रतिनिधींनी आपली मते बदलली आणि जॉन्सन यांची संख्या ४९४ वर गेली.

या आकड्यांमागे ऐक्याच्या भावनेपेक्षा वेगळेच काही होते. डिकिन्सन उपाध्यक्ष झाले असते तर न्यूयॉर्कला दोन मोठी पदे मिळू नयेत या संकेतानुसार परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांच्यावर मंत्रिमंडळ सोडण्याची पाळी आली असती. म्हणून सेवर्ड यांच्या समर्थकांनी डिकिन्सन यांना रोखले. राष्ट्रीय ऐक्याच्या या अधिवेशनात एका राज्यातील गटबाजीचा वाटा एवढा मोठा होता. खुद्द लिंकन यांची पसंती कोणाला होती, हा वाद तर पुढे हॅम्लिन यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली जाहीरपणे रंगला. पेनसिल्व्हानियाचे अलेक्झांडर मॅक्लुअर यांनी लिंकन यांनीच जॉन्सन यांच्यासाठी सूत्रे हलविली असे सांगितले, तर लिंकन यांचे चिटणीस जॉन निकोले यांनी ते ठामपणे नाकारले. कागदोपत्री पुरावा निकोले यांच्या बाजूने अधिक आहे. तथापि अध्यक्षांनी तटस्थ राहणे हेही हॅम्लिन यांच्या दृष्टीने विरोधासारखेच होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जॉन्सन यांची पात्रता निर्विवाद दिसत होती. फुटून निघालेल्या राज्यांतील सिनेट सदस्यांपैकी आपली जागा न सोडणारे ते एकटेच होते. लहानपणी शिंप्याच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या माणसाचा दक्षिणेतील बड्या मळेवाल्यांवर मनस्वी राग होता. टेनेसीचे लष्करी गव्हर्नर म्हणून त्यांनी कठोरपणे कारभार केला होता. २४ ऑक्टोबर १८६४ रोजी नॅशव्हिल येथे कृष्णवर्णीयांच्या सभेत आपण त्यांना मुक्तीकडे नेणारा मोझेस होऊ, असे आश्वासनही त्यांनी दिले. परंतु मळेवाल्यांचा द्वेष आणि गुलामांविषयी न्यायबुद्धी या दोन भिन्न गोष्टी आहेत. जॉन्सन स्वतः गुलामांचे मालक राहिलेले होते. त्यांच्या मते गुलामगिरीचा अपराध गरीब गोऱ्या शेतकऱ्याविरुद्ध घडला होता. अधिवेशनात हा फरक कोणी तपासून पाहिला नाही, कारण तो तपासण्याचा प्रसंग तेथे नव्हता. युद्ध जिंकेपर्यंतचे एकमत पुरेसे होते आणि युद्धानंतरच्या समाजरचनेवर एकमत आहे किंवा नाही, हे विचारले असते तर जोडीच झाली नसती.

२३ ऑगस्ट रोजी लिंकन यांना आपला पराभव इतका निश्चित वाटत होता की, त्यांनी तसे एका कागदावर लिहून, मजकूर न दाखविता मंत्रिमंडळातील सदस्यांच्या सह्या त्यावर घेतल्या. २ सप्टेंबरला अटलांटा पडले आणि चित्र पालटले. त्याच महिन्यात फ्रेमाँट यांनी माघार घेतली. नोव्हेंबरमध्ये लिंकन यांना सुमारे २२ लाख, तर डेमोक्रॅटिक पक्षाचे जनरल मॅक्लेलन यांना सुमारे १८ लाख मते मिळाली. निर्वाचक मते २१२ विरुद्ध २१ अशी होती. मॅक्लेलन यांची उमेदवारीही एका अर्थाने संयुक्तच होती, कारण ते स्वतः युद्धवादी तर त्यांचे सहउमेदवार जॉर्ज पेंडल्टन तहवादी होते. एकाच पक्षातील ही विसंगती मतदारांच्या लक्षात आली होती.

या विजयात जॉन्सन यांच्या नावाचा नेमका वाटा किती, हे सांगता येणे शक्य नाही; अटलांटाचा वाटा मात्र स्पष्ट आहे. आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ज्या टेनेसीचे नाव जोडीत असावे म्हणून जॉन्सन निवडले गेले, त्या राज्याची निर्वाचक मते काँग्रेसने १८६५ च्या फेब्रुवारीत मोजलीच नाहीत. बंडात सामील झालेल्या राज्यांची मते ग्राह्य धरू नयेत, असा ठराव झाला होता.

विजयानंतर

१५ एप्रिल १८६५ रोजी लिंकन यांचा मृत्यू झाला आणि सहा आठवड्यांपूर्वी उपाध्यक्षपदाची शपथ घेतलेले जॉन्सन अध्यक्ष झाले. काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबरपर्यंत भरणार नव्हते. या सात-आठ महिन्यांत त्यांनी जे केले ते समजून घेण्यासाठी दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील बेटांकडे पाहावे लागेल.

१६ जानेवारी १८६५ रोजी जनरल शर्मन यांनी काढलेल्या पंधराव्या विशेष आदेशान्वये या किनाऱ्यावरील मळेवाल्यांनी सोडून दिलेली जमीन मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी कसण्यास देण्यात आली होती. उन्हाळ्यापर्यंत सुमारे ४०,००० माणसे ४ लाख एकर जमिनीवर वसली. २९ मे रोजी जॉन्सन यांनी माफीची घोषणा केली. तीत गुलामांखेरीजची मालमत्ता परत देण्याची तरतूद होती. वीस हजार डॉलरांहून अधिक मालमत्ता असणाऱ्यांना मात्र अध्यक्षांकडे व्यक्तिशः अर्ज करावयाचा होता. ज्यांच्याविषयी जॉन्सन यांना तिरस्कार होता, तेच मळेवाले त्यांच्या दारी रांगेने उभे राहिले आणि माफीपत्रे हजारोंनी दिली गेली. माफीबरोबर जमीनही परत जाऊ लागली. ऑक्टोबरमध्ये फ्रीडमेन्स ब्युरोचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांना एडिस्टो बेटावर जाऊन, ही जमीन जुन्या मालकांना सोडावी लागेल, असे तेथील चर्चमध्ये जमलेल्या लोकांना सांगावे लागले. त्या लोकांच्या समितीने हॉवर्ड यांना व अध्यक्षांना अर्ज पाठविले. ज्यांनी बंड केले त्यांना माफी आणि जे राष्ट्राशी एकनिष्ठ राहिले त्यांना बेघर करणे, हा कोणता न्याय, असा त्यांचा आशय होता. निर्णय बदलला नाही.

यानंतरची हकीकत सुपरिचित असल्याने ती थोडक्यात सांगणे पुरे आहे. दक्षिणेतील नव्या विधिमंडळांनी मुक्त गुलामांच्या हालचालींवर व मजुरीवर बंधने घालणारे कायदे केले. १८६६ च्या फेब्रुवारीत जॉन्सन यांनी फ्रीडमेन्स ब्युरोचे विधेयक व मार्चमध्ये नागरी हक्कांचे विधेयक परत पाठविले. दुसरे विधेयक काँग्रेसने ९ एप्रिल रोजी त्यांचा नकाराधिकार डावलून मंजूर केले. मे महिन्यात मेम्फिस येथील दंगलीत ४६ कृष्णवर्णीय मारले गेले. ७ फेब्रुवारीला फ्रेडरिक डग्लस यांच्यासह एक शिष्टमंडळ मताधिकाराची मागणी घेऊन अध्यक्षांना भेटले होते. त्यांना जॉन्सन यांनी दीर्घ व्याख्यान ऐकवून रिकाम्या हाताने परत पाठविले.

'नॅशनल युनियन' हे नाव मात्र एवढ्यात संपले नाही. १४ ऑगस्ट १८६६ रोजी फिलाडेल्फिया येथे जॉन्सन यांच्या समर्थकांचे अधिवेशन याच नावाने भरले. उद्घाटनाच्या वेळी मॅसॅच्युसेट्स व दक्षिण कॅरोलायना या राज्यांचे प्रतिनिधी हातात हात घालून सभागृहात आले. काल एकमेकांवर गोळ्या झाडणारे आज एकत्र चालत आहेत, हे दृश्य पाहून अनेकांना गहिवरून आले. पुढच्याच महिन्यात त्याच शहरात दक्षिणेतील राष्ट्रनिष्ठांचे विरोधी अधिवेशन झाले. तेथे रॉचेस्टरचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या डग्लस यांनी मिरवणुकीत येऊ नये, असे काही रिपब्लिकन पुढाऱ्यांनीच सुचविले. डग्लस आले. त्यांच्या हातात हात घालून चालले ते थिओडोर टिल्टन हे गोरे संपादक. एका महिन्याच्या अंतराने एकाच शहरात हातात हात घालून झालेल्या या दोन मिरवणुका शेजारी ठेवून पाहिल्या की, ऐक्य या शब्दाचे तेव्हा दोन वेगळे अर्थ होते आणि १८६४ च्या जोडीने ते दोन्ही एका नावाखाली झाकून ठेवले होते, हे ध्यानात येते.

नोव्हेंबरच्या निवडणुकांत रिपब्लिकन पक्षाने काँग्रेसमध्ये दोन-तृतीयांशाहून अधिक बहुमत मिळविले. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना काढून टाकण्यावरून २४ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सन यांच्यावर महाभियोग मंजूर झाला. मे महिन्यात सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मते पडली. दोन-तृतीयांशास एक मत कमी पडल्याने ते वाचले. हे स्टँटन स्वतः पूर्वाश्रमीचे डेमोक्रॅट, ब्युकॅनन यांच्या मंत्रिमंडळातील अॅटर्नी जनरल होते. म्हणजे पक्ष ओलांडून आलेल्या दोन माणसांपैकी एक जहालांचा आधार ठरला व दुसरा त्यांचा शत्रू. मूळ पक्ष कोणता, यावरून माणसाच्या पुढच्या वर्तनाचा अंदाज बांधता येत नाही, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

हस्तांदोलनाचे राजकारण

१८७२ साली ग्रँट यांच्या कारभारातील भ्रष्टाचाराला विटलेल्या लिबरल रिपब्लिकन गटाने सिनसिनाटी येथे 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक हॉरेस ग्रीली यांना उमेदवारी दिली, आणि डेमोक्रॅटिक पक्षाने स्वतःचा उमेदवार न देता जुलैमध्ये तीच जोडी स्वीकारली. आयुष्यभर डेमोक्रॅटांवर आसूड ओढणाऱ्या संपादकाला त्या पक्षाने डोक्यावर घ्यावे, हा प्रकार समकालीनांनाही चमत्कारिक वाटला. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या जामीनपत्रावर ग्रीली यांनी १८६७ साली सही केली होती. उत्तर व दक्षिणेने युद्धाच्या रक्तरंजित दरीवरून एकमेकांना हात द्यावा, हे त्यांच्या प्रचाराचे सूत्र होते. डग्लस यांनी या सूत्राला विरोध करून ग्रँट यांचा प्रचार केला, कारण दक्षिणेतून केंद्राचा हात निघाला तर कृष्णवर्णीयांचे रक्षण कोण करणार, हा त्यांचा सवाल होता. ग्रँट सुमारे ५६ टक्के मते मिळवून विजयी झाले. निर्वाचक मंडळाचे मतदान होण्यापूर्वीच, २९ नोव्हेंबर रोजी, ग्रीली यांचे निधन झाले. त्यांचे धोरण मात्र मेले नाही. वादग्रस्त निवडणुकीनंतर १८७७ साली दोन्ही पक्षांत समझोता होऊन उरलेल्या राज्य सरकारांमागील केंद्रीय सैन्याचा आधार काढून घेण्यात आला.

येथे मराठी वाचकाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी जनतेला, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल आदरपूर्वक अर्पण केला. पुण्यातून पाहताना जोतीरावांना दिसले ते मुक्तीचे महान कार्य, आणि ते खरेच होते. मात्र ग्रंथ बाहेर पडला त्याच सुमारास, ज्यांच्या मुक्तीसाठी ही अर्पणपत्रिका लिहिली गेली त्यांच्या हक्कांचा बळी देऊन गोऱ्या समाजाने आपसांत सलोखा करावा, हा विचार अमेरिकेत दोन्ही पक्षांत मूळ धरीत होता. या अर्पणपत्रिकेकडे आपल्या अभ्यासकांनी पुष्कळ लक्ष दिले आहे. तिच्या वर्षाकडे अमेरिकन इतिहासाच्या बाजूने मात्र फारसे पाहिले गेलेले नाही.

मंत्रिमंडळाची वाट

विसाव्या शतकातील अध्यक्षांनी पक्षाबाहेरच्या माणसाला बरोबर घेण्याची गरज मंत्रिमंडळातून भागविली. जून १९४० मध्ये, युरोपात फ्रान्स कोसळत असताना, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री स्टिम्सन यांना युद्धखाते व फ्रँक नॉक्स यांना नौदल दिले. दोघेही रिपब्लिकन, नॉक्स तर १९३६ च्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्या विरोधात उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. केनेडी यांनी अर्थखाते डग्लस डिलन यांना दिले, क्लिंटन यांनी १९९७ साली संरक्षणखाते विल्यम कोहेन यांना दिले, ओबामा यांनी २००९ साली रॉबर्ट गेट्स यांना त्याच खात्यावर कायम ठेवले. या व्यवस्थेचे गमक उघड आहे. मंत्र्याला धोरण मान्य नसेल तर तो जातो किंवा त्याला घालविता येते. उपाध्यक्षाला घालविता येत नाही, आणि अध्यक्षाच्या मृत्यूनंतर तो मागे उरतो.

निवडणुकीच्या मैदानात १९८० साली इलिनॉयचे रिपब्लिकन प्रतिनिधी जॉन अँडरसन यांनी अपक्ष म्हणून, विस्कॉन्सिनचे माजी डेमोक्रॅट गव्हर्नर पॅट्रिक ल्यूसी यांना सोबत घेऊन राष्ट्रीय ऐक्याच्या नावाने निवडणूक लढविली. उन्हाळ्यातील जनमत चाचण्यांत वीस टक्क्यांवर असलेले अँडरसन प्रत्यक्षात ६.६ टक्क्यांवर आले. सत्तावन्न लाख मतदार, आणि निर्वाचक मते शून्य. १९९२ साली रॉस पेरो यांना १८.९ टक्के मते मिळूनही निर्वाचक मतांचा आकडा तोच राहिला. मेन व नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्याची सर्व मते पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला जातात. देशभर सारख्या प्रमाणात पसरलेला पाठिंबा या पद्धतीत निरुपयोगी ठरतो, आणि मध्यममार्गी जोडीचा पाठिंबा नेमका तसाच पसरलेला असतो.

मॅकेन, लीबरमन आणि २०२४

एकविसाव्या शतकातील प्रयत्नांत जो लीबरमन हे नाव सतत भेटते. त्याआधी २००४ साली डेमोक्रॅट जॉन केरी यांनी रिपब्लिकन जॉन मॅकेन यांना सहउमेदवारीबाबत चाचपून पाहिले होते. मॅकेन यांनी नकार देऊन बुश यांचा प्रचार केला. २००८ साली स्वतः उमेदवार झाल्यावर मॅकेन यांच्या मनात लीबरमन होते. लीबरमन म्हणजे २००० साली डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार, आणि इराक युद्धाच्या समर्थनामुळे २००६ साली स्वपक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पराभूत होऊन अपक्ष म्हणून निवडून आलेले सिनेट सदस्य. गर्भपाताच्या हक्काचे समर्थक असलेल्या माणसाला अधिवेशनातील प्रतिनिधी स्वीकारणार नाहीत, असे सल्लागारांनी सांगितले. २९ ऑगस्टला सारा पेलिन यांचे नाव जाहीर झाले. आपण लीबरमन यांना निवडावयास हवे होते, अशी खंत मॅकेन यांनी २०१८ सालच्या आत्मकथनात व्यक्त केली. १८६४ साली उपाध्यक्षाची निवड अधिवेशनाने केली होती व अध्यक्ष गप्प राहिले होते. २००८ साली निवड उमेदवाराची होती आणि अधिवेशनाच्या भीतीने ती फिरली.

पक्षांबाहेरून झालेले प्रयत्न अधिकच अल्पजीवी ठरले. कार्टर यांचे माजी सहकारी हॅमिल्टन जॉर्डन व जेराल्ड रॅफशून आणि रिपब्लिकन सल्लागार डग बेली यांनी २००६ साली काढलेली 'युनिटी०८' ही संस्था जानेवारी २००८ मध्ये थंडावली. 'अमेरिकन्स इलेक्ट'ने २०१२ साली अनेक राज्यांत मतपत्रिकेवर जागा मिळविली, पण अटी पूर्ण करणारा उमेदवारच न मिळाल्याने मे महिन्यात गाशा गुंडाळला. 'नो लेबल्स' या संघटनेने २०२४ साठी पुन्हा तीच खटपट केली. जो मॅन्चिन, ख्रिस क्रिस्टी यांच्यासारख्यांनी नकार दिला, लॅरी होगन मेरीलँडमधून सिनेटच्या निवडणुकीकडे वळले. संघटनेचे संस्थापक-अध्यक्ष असलेले लीबरमन २७ मार्च २०२४ रोजी निधन पावले आणि ४ एप्रिल रोजी संघटनेने प्रयत्न सोडून दिल्याचे जाहीर केले. मतपत्रिका होती, पैसा होता, नावे नव्हती. ज्याला पक्षात भवितव्य आहे तो बाहेर पडत नाही, आणि ज्याला नाही त्याच्याभोवती मतदार जमत नाहीत. अनेक राज्यांत तर प्राथमिक निवडणूक हरलेल्याला त्याच वर्षी दुसऱ्या नावाने उभे राहण्यास कायद्यानेच मनाई आहे.

या साऱ्यांतून पार पडून एखादी जोडी काही राज्ये जिंकली आणि कोणालाच बहुमत मिळाले नाही, तर बाराव्या घटनादुरुस्तीनुसार निर्णय काँग्रेसकडे जातो. अध्यक्षाची निवड पहिल्या तीन नावांतून प्रतिनिधिगृह करते आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. आजच्या पन्नास राज्यांपैकी सव्वीस राज्यांची मते हवीत. १८२४ साली सर्वाधिक, म्हणजे ९९ निर्वाचक मते मिळविणारे जॅक्सन मागे पडून ८४ मतांचे जॉन क्विन्सी अॅडम्स निवडले गेले, ते याच मार्गाने. उपाध्यक्षाची निवड मात्र सिनेट करते आणि तिच्यापुढे तीन नव्हे, दोनच नावे येतात. म्हणजे तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या संयुक्त जोडीतील अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा विचार प्रतिनिधिगृह करू शकते. त्याच्या सहउमेदवाराचे नाव सिनेटच्या यादीत असणारच नाही. प्रतिनिधिगृहाने उद्या अशा उमेदवाराला निवडलेच, तर त्याच्या शेजारी शपथ घेणारा उपाध्यक्ष हा त्याने ज्यांच्याविरुद्ध निवडणूक लढविली त्या दोन पक्षांपैकी एकाचा असेल, आणि अध्यक्षांचा वारसाहक्क १७९६ प्रमाणे पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडे गेलेला असेल.